पिवळ्या विमानाची जागा

ओशकोशच्या विमानमेळ्यात जुन्या विमानांचा जो गवताळ भाग आहे, तिथल्या एका रांगेत दरवर्षी एक जागा रिकामी असायची. जुलैअखेरच्या त्या आठवड्यात हजारो विमानं उतरतात, गवतावर पंखाला पंख भिडवून उभी राहतात आणि उशीर करणाऱ्याला दुसऱ्या गावी उतरून बसनं यावं लागतं. तरीही त्या जागेत कुणी विमान घालत नसे. चार खुंट्या, त्यांना बांधलेला दोर आणि दोरावर फडफडणारी पिवळी चिंधी. नवख्यानं विचारलंच तर रांगेतले लोक म्हणत, "ती आर्डिसची जागा आहे." आणि आर्डिसकडे तर विमानच नव्हतं.

आर्डिस टोलेफसन ही आयोवातल्या डेकोराजवळच्या एका खेड्यातली बाई. जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेला. हात मोठे, आवाज त्याहून मोठा, आणि पोरांना रांगेत उभं करायची सवय अशी अंगात मुरलेली की मेळ्यातल्या वैमानिकांनाही ती तशीच हाकायची. नारिंगी बंडी घालून, हातात दोन नारिंगी झेंडे घेऊन ती उतरलेल्या विमानांना गवतातून जागेवर आणायची. हे काम तिथे सगळे हौसेनं, फुकटच करतात. मोठमोठे डॉक्टर-वकील खिडकीतून तोंड काढून काही सांगू लागले की ती म्हणायची, "बोलायचं नंतर. आधी शेपूट सरळ कर."

तिचा तंबू ड्वेन प्रोहास्काच्या विमानाच्या पंखाखाली असायचा. ड्वेन नेब्रास्काचा, मक्याचा शेतकरी, बोलायला तिरका आणि मनानं लोण्यासारखा. येताना तो जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोल गोड पाव डबाभर आणायचा आणि ते न खाणाऱ्यांना विमानाच्या डागडुजीची चिकटपट्टी उसनी द्यायचा नाही. तंबूतला आठवडा म्हणजे सुखच होतं असं नाही. पहाटे कुणीतरी इंजिन सुरू करून झोपेचं खोबरं करणार. अंघोळीच्या खोल्यांपुढे टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या राहिलेल्या माणसांची शेपटी. दुपारी तंबूत शिरावं तर भट्टी, संध्याकाळी बाहेर बसावं तर डास. पण सूर्य कलला की शेगडीवर कणसं शिजायची, कुणी तळलेलं चीज आणायचं, कुणी विमानाचा एखादा भाग मांडीवर घेऊन घासत बसायचं, आणि ओळख नसलेला माणूसही खुर्ची ओढून म्हणायचा, "कुठून आलात?" तेवढ्यासाठी लोक बाकीचं सोसायचे. आर्डिसही सोसायची, पण ती तेवढ्यासाठी येत नव्हती.

ती ओर्लिनची वाट पाहायला येत होती. हे ती कुणाला म्हणत नसे, आणि कुणी म्हटलं असतं तर तिनं झेंडाच हाणला असता.

ओर्लिन तिचा नवरा. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर, अबोल, आणि सभ्य इतका की जीव नकोसा व्हावा. त्यांच्या गावच्या चौकात चारही बाजूंनी थांबायच्या पाट्या होत्या. आधी आला त्यानं आधी जायचं, इतका साधा नियम. पण समोर दुसरी गाडी दिसली की ओर्लिन स्टिअरिंगवरून हात उचलायचा, तळवा उघडा, शेवटची दोन बोटं दुमडलेली, आणि हळूच बाहेरच्या बाजूला वळवायचा. तुम्ही व्हा पुढे. समोरचाही त्याच मुलखातला, तितकाच सभ्य, तोही हात करायचा. मग परत हा. आर्डिस म्हणायची, "अरे, जा बाबा आता. का इथेच म्हातारपण काढायचं?" ती शेवटची दोन बोटं टँकरच्या झाकणात चेंगरलेली होती, ती सरळ होतच नसत.

विमान त्यानं स्वतः डागडुजी करून उभं केलं होतं. पिवळं, वर पंख असलेलं, दोन माणसांपुरतं. तंबू आणि शेगडी घेतली तर बायको मावायची नाही आणि बायको घेतली तर तंबू. म्हणून दरवर्षी आर्डिस आदल्या दिवशी गाडीनं सामान घेऊन यायची आणि तो मागून उडत.

मेळ्याला येण्याची एक रीत आहे. नैऋत्येकडे फिस्क नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथून रुळांच्या वर सगळ्यांनी एकामागून एक यायचं. खाली टेकाडावर दुर्बिणी घेतलेले नियंत्रक बसतात. विमानं इतकी येतात की वैमानिकांनी रेडिओवर बोलायचंच नाही, नुसतं ऐकायचं. खालचा माणूस रंग आणि आकार पाहून हाक मारतो. निळ्या, पंख हलव. ज्याला हाक मारली त्यानं दोन्ही पंख डावी-उजवीकडे झुकवायचे, म्हणजे हो, ऐकलं. की पुढची वाट मिळते. गर्दी फार झाली किंवा हाक मिळाली नाही तर बाजूला व्हायचं, ग्रीन लेक या तळ्यावर घिरट्या घालायच्या आणि पुन्हा रांगेच्या शेवटी लागायचं.

मेळ्यातले लोक पंखाखाली खुर्च्या टाकून, हातातल्या रेडिओवर या हाका दिवसभर ऐकत बसतात. त्या रविवारी, अकरा वर्षांपूर्वी, आर्डिसही ऐकत होती. दुपार टळली होती. हाक आली, "पिवळ्या, उंच पंखवाल्या, पंख हलव." थोडं थांबून तोच माणूस हसला, "अरे बास, पंख मोडशील की. चल, रुळांवरून पुढे ये."

"आला बघ," आर्डिस ड्वेनला म्हणाली आणि तिनं कणसांचं पाणी चढवलं.

कणसं शिजून गार झाली. ओर्लिन आला नाही. संध्याकाळी शेरीफच्या माणसांनी विचारलं तेव्हा तिनं छातीठोकपणे सांगितलं की तो फिस्कपर्यंत आलेला आहे, मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणून दोन दिवस सगळा शोध फिस्कच्या पुढे झाला. शेतं, झाडी, विमानतळापलीकडच्या मोठ्या तळ्याचा काठ. मग एका शहाण्यानं विचारलं, "बाई, उत्तर विमानानं दिलं म्हणता. पण विमान बोललं का? पिवळी विमानं काय थोडी आहेत?" तेव्हा शोध उचलून पार पश्चिमेला, त्याच्या वाटेवरच्या मिसिसिपीकाठच्या जंगली डोंगरांत नेला. तिथेही काही सापडलं नाही. कुठेच काही सापडलं नाही, पंखाचं फडकं नाही की चाक नाही.

पुढे चर्चच्या तळघरात, देह नसलेल्या त्या प्रार्थनेनंतर, ओर्लिनची बहीण सगळ्यांना कॉफी ओतत होती. आर्डिसच्या कपाशी ती थांबली. "डोंगरात जखमी होऊन पडला असेल तो दोन दिवस," ती म्हणाली. "तू ऐकलं नसतंस तर बरं झालं असतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. तिनं कप काठोकाठ भरला आणि पुढे गेली. आर्डिसच्या मनातून ते दोन दिवस मग हललेच नाहीत. तो झाडाखाली पडलाय, वर बघतोय, आणि शोधणारे सगळे भलतीकडे आहेत, हे तिला भांडी घासताना दिसायचं. ती आजारी पडली असती तर बरं, पण ती आपली धडधाकटच राहिली.

त्यानंतरच्या वर्षीही ती मेळ्याला आली. रांगेतल्या लोकांनी खुंट्या ठोकून दिल्या होत्या. आणि तेव्हापासून दोन गोष्टी सुरू झाल्या.

एक म्हणजे हाक. मेळ्याच्या पहिल्या रविवारी, दुपार टळल्यावर, रेडिओवर कधीतरी यायचं, "पिवळ्या, उंच पंखवाल्या, पंख हलव." मग शांतता. "पिवळ्या?" पुन्हा शांतता. "पिवळ्या, ऐकतोयस का?" आणि मग दुसऱ्याच रंगाला हाक. दरवर्षी. एकदा सॉसेजच्या गाडीपुढे तिनं एका नियंत्रकाला गाठून विचारलं. तो सॉसेजवर मोहरीची चटणी पिळत म्हणाला, "अहो, झोपाळू लोक येतातच की. आम्ही हाक मारतो, ते आपले भलतीकडे बघत बसतात." मग पिळता पिळता थांबला. "पण ते पिवळं मात्र कुठून निघतं आणि कुठे जातं, ते काही कळत नाही बघा. दुर्बीण खाली करेपर्यंत नसतंच." पुढे त्यानं विषय बदलला.

दुसरी गोष्ट सांगायलाही विचित्र वाटते. त्या मुलखात जुलैच्या पहाटे दव असं पडतं की तंबूतून पाऊल बाहेर टाकलं की मोजे पिळून काढावेत. फक्त विमानांच्या पंखाखालचं गवत कोरडं राहतं, प्रत्येक विमानाखाली पंखाच्या आकाराचा एक फिकट पट्टा. आर्डिसच्या रिकाम्या जागेतही तसा पट्टा पडायचा. वर आभाळाशिवाय काही नाही, आजूबाजूला सगळं गवत पांढरंशुभ्र भिजलेलं, आणि मध्ये एका छोट्या विमानाच्या पंखांएवढं कोरडं. ती कॉफीचा कप घेऊन, नुसत्या मोज्यांवर त्यात जाऊन उभी राहायची. एकदा ड्वेननं ते पाहिलं. तो खाली वाकला, गवतावरून तळहात फिरवला, बंडीला पुसला. "जमीन खालून गरम असेल," तो म्हणाला आणि उगाच आपल्या विमानाचं तेल तपासायला गेला.

यंदाच्या रविवारी सकाळपासून हवा कोंदून राहिली होती. दुपारी पश्चिमेचं आभाळ हिरवट झालं. वादळापूर्वी ते तसं होतं, आणि तिथल्या माणसांना तो रंग पाहिला की बोलावंसं वाटत नाही. गवत, तंबू, माणसांचे चेहरे, सगळ्यांवर तो रंग उतरला. वारा अजिबात नव्हता. दोरावरची चिंधी लोंबत होती. रेडिओवर नियंत्रक घाईघाईनं शेवटची विमानं आत घेत होते, आणि आज ती हाक आलीच नव्हती.

आर्डिस रांगेच्या मध्यावर झेंडे घेऊन उभी होती. रांगेच्या टोकाला एक विमान वळलं. त्या उजेडात रंग नीट कळत नव्हता. जवळ आलं तेव्हा पिवळं दिसलं. पिवळं, वर पंख असलेलं, दोन माणसांपुरतं. ते डावी-उजवीकडे न बघता सरळ तिच्या जागेकडे आलं आणि दोरापाशी थांबलं. नाकावरचा पंखा फिरत होता. काचेमागे कुणाचं तरी डोकं होतं, पण काचेत हिरवं आभाळ असं भरलं होतं की तोंड दिसत नव्हतं.

ड्वेन हातातला पाव तोंडाशी नेता नेता तसाच राहिला.

आर्डिस गेली. तिनं दोर सोडला. तिनं झेंडे वर केले, विमान तिच्या झेंड्यांबरोबर वळलं, शेपूट मागे गेलं आणि चाकं बरोबर त्या कोरड्या पट्ट्याच्या जागी येऊन थांबली. इंजिन बंद झालं. एवढी शांतता झाली की थंड होणाऱ्या इंजिनाची टिकटिक ऐकू येत होती.

दार उघडलं आणि एक लांबलचक टकला माणूस घडी उलगडावी तसा बाहेर आला. "माफ करा हं," तो म्हणाला. "टोकाच्या गृहस्थांनी सांगितलं, इथे एकच जागा दिसतेय. कुणाची असली तर काढतो मी विमान. खरंच काढतो."

रडू येतंय की राग, ते आर्डिसला कळेना. "कुणाची नाही," ती शेवटी म्हणाली. "दोर आण तुझे. वादळ आलंय."

तेवढ्यात भोंगा वाजलाच. अशा वेळी मेळ्यात आपलं-परकं राहत नाही. ज्याचं विमान जवळ, त्याचा पंख धरायचा. ड्वेन एका बाजूला, तो लांबोडा दुसऱ्या बाजूला, आर्डिस शेपटीवर आडवी, असा त्यांनी वारा सोसला. तंबू उडाले, खुर्च्या लोळत गेल्या, पाऊस अंगावर खडे मारल्यासारखा आला आणि गेला. मग गवतातून वाफ वर येऊ लागली आणि रांगेची दोन्ही टोकं दिसेनाशी झाली. सगळी उड्डाणं बंद असल्याचं कर्ण्यावरून सांगून झालं होतं. ड्वेननं आपल्या विमानाच्या पंखाखाली शेगडी पेटवली.

पाहुण्याचं नाव हार्म बॉस्मा. मिशिगनचा, ट्यूलिपचे कंद विकणारा, गप्पिष्ट. कणीस हातात येताच तो खुलला.

"फार वर्षांनी आलो इकडे," तो म्हणाला. "मागे आलो होतो तेव्हा पलीकडच्या टोकाला उतरलो होतो, आणि बायको दवाखान्यात म्हणून दुसऱ्या पहाटेच परतलो. पण त्या वेळची एक गंमत मी घरी अजून सांगतो. आमच्या मिशिगनात असला माणूस मिळायचा नाही."

"कसला?" ड्वेननं विचारलं.

"फिस्कवर आलो. माझ्या पुढे, जरा डावीकडे, माझ्यासारखंच एक विमान. पिवळंच. खालून हाक आली, पिवळ्या, पंख हलव. हाक त्याची होती हो, पुढे तोच होता. त्याचा पंख उचललाही गेला होता थोडा. पण मी नवखा, घाबरलेला. मला वाटलं माझीच. मी असे काही गदागदा पंख हलवले की खालचा म्हणाला, अरे बास, पंख मोडशील."

ड्वेनच्या हातातला चिमटा थांबला. त्यानं आर्डिसकडे पाहिलं. ती शेगडीकडे पाहत होती.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय, दोघांनाही कळलं काय झालंय ते. अगदी शेजारी आलो होतो आम्ही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं आता हा मूठ दाखवणार. आणि तो काय करतो? खिडकीतून हात बाहेर काढतो आणि म्हणतो, तुम्ही व्हा पुढे. आभाळात, बरं का. चौकात उभे असल्यासारखं. आणि वळून गेला ग्रीन लेककडे, परत रांगेत लागायला. मी पुढे आलो. त्याला शोधून कॉफी पाजायची होती, राहूनच गेलं."

ग्रीन लेक. राज्यातलं सगळ्यांत खोल पाणी. फिस्कच्या अलीकडे आणि डोंगरांच्या फार पलीकडे. आधी सगळे त्याच्या पुढे शोधत होते, नंतर त्याच्या मागे; त्या पाण्यात कुणी पाहिलंच नव्हतं.

ड्वेननं तोंड उघडलं. आर्डिसनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, शाळेत ताट सांडणाऱ्या पोराकडे पाहावं तसं. त्यानं तोंड मिटलं.

"हात कसा केला त्यानं?" तिनं विचारलं.

"हात? असा."

"नीट दाखव."

हार्मनं कणीस खाली ठेवलं. त्यानं ओला, लोणी लागलेला हात वर केला. तळवा उघडा. मग जरा आठवून त्यानं शेवटची दोन बोटं दुमडली आणि हात हळूच बाहेर वळवला. "बोटं अशी का ते नाही माहीत," तो म्हणाला. "पण अशीच होती. लक्षात राहिली."

आर्डिसला वाटलं आपण आता ओरडणार. ओरडली नाही. अकरा वर्षं तो तिच्या मनात डोंगरात झाडाखाली पडला होता, वर बघत, आणि तिची वाट पाहत होता. आता तो तिथून उठला. तो आला होता. दारापर्यंत आला होता, आपल्या हाकेला पंख उचलला होता, आणि मग मेल्यानं दुसऱ्याला वाट दिली होती. तिचं ऐकणं चुकलं नव्हतं. आणि त्या पाण्यात दोन दिवसांनी काय, दोन मिनिटांनीही काही फरक पडला नसता. तिला त्याचा असा संताप आला की तो समोर असता तर तिनं त्याला कणसानंच मारलं असतं, आणि त्याच वेळी तो इतका प्रिय वाटला की तिला खुर्चीचा हात धरावा लागला.

"अजून एक घे," ती हार्मला म्हणाली. "एवढ्या लांबून आलास."

"सांगायचं नाही त्याला?" हार्म हात धुवायला गेला तेव्हा ड्वेन कुजबुजला.

"काय सांगू? तो घरी गंमत म्हणून सांगतोय ती. ओर्लिनची कुणीतरी गंमत सांगतंय, अरे."

तेव्हा खुर्चीवरचा रेडिओ खरखरला. आभाळ बंद होतं, फिस्कचे लोक केव्हाच टेकाड सोडून खाली आले होते. वाफेत दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आवाज मात्र स्वच्छ आला, आणि तो कुणाचा होता ते दोघांनाही ओळखता आलं नाही.

"पिवळ्या, उंच पंखवाल्या, पंख हलव."

ड्वेन खुर्चीत घट्ट बसला. "पिवळ्या?" आवाज म्हणाला. "पिवळ्या, ऐकतोयस का?"

आर्डिस उठली. पंखाखालून बाहेर, उघड्यावर गेली. वाफेत कुठूनतरी, फार उंचावरून नव्हे, लहान इंजिनाची घरघर येत होती, घिरट्या घालणाऱ्याची येते तशी, एकदा जवळ, एकदा लांब. तिनं हात वर केला. तळवा उघडला. शेवटची दोन बोटं दुमडली आणि हात हळूच बाहेर वळवला.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "जा आता. मी येते मागून."

घरघर वर गेली. एकदा वाटलं थांबली, मग आणखी लांबून आली, आणि मग ती होती की नव्हती ते सांगता येईना. रेडिओ पुन्हा बोलला नाही. हार्म हात झटकत परत आला आणि म्हणाला, "एवढ्यात कोण उडतंय?" ड्वेननं त्याच्यापुढे पावांचा डबा केला.

बुधवारी सकाळी हार्म गेला. जाताना त्यानं जागेबद्दल पुन्हा आभार मानले, आणि आर्डिसनं त्याला सांगितलं की पुढच्या वर्षी लवकर ये, जागा धरून ठेवायची आमच्यात पद्धत नाही. ड्वेननं खुंट्या उपटून पिशवीत टाकल्या.

गुरुवारी पहाटे ती नेहमीप्रमाणे कप घेऊन मोज्यांवर बाहेर आली. विमानांच्या पंखांखाली फिकट पट्टे होते. त्या जागेत गवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं होतं. ती मध्यावर जाऊन उभी राहिली. गारवा आधी बोटांना लागला, मग तळव्यांना, मग घोट्यांना. मोजे चिंब झाले तशी ती तिथेच खाली बसली आणि मोठ्यानं, शाळेतल्या सगळ्या पोरांना ऐकू जावं एवढ्या आवाजात, रडली. रांगेतले लोक तंबूंतून बाहेर आले नाहीत. थोड्या वेळानं ड्वेन कोरडे मोजे घेऊन आला.